आमच्या पेठेतला अफवा तपासायचा ग्रुप, कसा उभा राहिला आणि कसा चालतो

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे सोलापुरात, पूर्व भागात, त्यामुळं गावात कुठलाही व्हिडिओ फिरायला लागला की "हे बघितलाव का?" म्हणत कुणीतरी काऊंटरवर फोन ठेवतंच.

अफवा तपासायला हव्यात हे डोक्यात बसलं ते राईनपाड्यापासून. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, पोरं पळवणारी टोळी आली अशा अफवेवरनं जमावानं पाच जणांना मारून टाकलं, भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, आणि त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडचे. नंतर व्हॉट्सअ‍ॅपनं एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल असं केलं, 2020 मध्ये तर खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असंही केलं, पण आमची पोरं काय कमी आहेत, व्हिडिओ सेव्ह करून नव्यानं टाकला की खूप फिरलेल्या मेसेजवर येणारी ती दोन बाणांची खूण गायब, मग कोण ओळखणार.

सणासुदीच्या तोंडावर आम्ही काही जण बसलो. एकानं केनियाचं सांगितलं, तिथं 2007 च्या निवडणुकीनंतर दंगे पेटले तेव्हा लोकांनी उशाहिदी नावाची साईट काढली, कुठं काय घडलंय ते लोक मेसेज करून कळवायचे आणि ते नकाशावर दिसायचं. मी म्हटलं, पेठ केवढी आपली, नकाशा कशाला हवाय, कुठल्या बोळात काय झालं ते दहा मिनिटांत कळतंय की. मला छत्तीसगडचं सीजीनेट स्वर जास्त पटलं, 2010 ला सुरू झालेलं, तिथं साध्या फोनवरनं गोंडी या आदिवासी भाषेत बोलून बातमी रेकॉर्ड करतात आणि बाकीचे फोन लावून ऐकतात, लिहिता-वाचता यायची गरजच नाही. हे आपल्याकडं चालणारं आहे, कारण आमच्या गल्लीत एका घरात तेलुगू, शेजारी कन्नड, पलीकडं दखनी आणि दुकानात सगळ्यांचं मराठी.

तर ग्रुप केला, पण सगळ्यांना नाही घेतलं. पुढारी मुद्दाम टाळले (नाराज झाले, होऊ देत). एक रिक्षावाला चाचा, पॉवरलूमवरचे एक अण्णा, गणपती मंडळाचा एक कार्यकर्ता, मशिदीजवळचा चहावाला आणि बिडी वळणाऱ्या दोन अक्का. बायकांना कशाला म्हणून एकानं विचारलं, पण खरं सांगतो, बिड्या जमा करायला रांगेत बसल्या की गावातली प्रत्येक बातमी तिथं आधी पोचते, आम्हा पुरुषांना संध्याकाळी कळते.

नियम एकच कडक, खोटा व्हिडिओ ग्रुपच्या बाहेर पाठवायचा नाही, "हे खोटं आहे" असं लिहूनसुद्धा नाही. लोक लिहिलेलं वाचत नाहीत, व्हिडिओ तेवढा बघतात.

पहिली खरी परीक्षा एका रात्री झाली. एक व्हिडिओ आला, पळणारा जमाव, दगड, आरडाओरडा आणि खाली आपल्याच एका चौकाचं नाव. शटरं धडाधड खाली यायला लागली, एक पोरगं माझ्या दुकानात येऊन म्हणतंय, "मालक, बंद करा, पेटलंय तिकडं". मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. कडेला लावलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर सोलापूरचा एमएच 13 कुठंच नाही, दुसऱ्याच राज्याचा नंबर, आणि मागच्या दुकानाच्या पाटीवरची लिपी आपल्याकडची नाही. त्याच फ्रेमचा स्क्रीनशॉट गूगल लेन्सला टाकला तर जुन्या बातमीतलाच सीन निघाला, आपल्या गावाचा काही संबंध नाही. तोवर चाचाला फोन केला होता, तो त्या चौकातच सवारीची वाट बघत उभा. म्हटलं, चाचा, चौक नीट दाखवा, तारीख-वेळ तोंडानं बोला, कुणाचा चेहरा जवळनं घेऊ नका. त्यानं भज्याची गाडी, बंद पडलेला सिग्नल, गिऱ्हाईकं सगळं दाखवत दखनीत सांगितलं, "देखो, मैं यहींच खडा हूं, कुछ नै हुआ". तोच क्लिप अक्कांनी तेलुगूत बोलून, अण्णांनी कन्नडमध्ये बोलून आपापल्या लोकांना पाठवला आणि सगळ्यांनी स्टेटसला ठेवला. माझा नंबरप्लेटचा शोध फार कुणाच्या कामाला आला नाही हां, लोकांनी ऐकलं ते चाचाचं, कारण चाचा रोज त्यांची पोरं शाळेत सोडतो.

मूळ व्हिडिओ कुठल्या ग्रुपवरनं आला त्याचा स्क्रीनशॉट मात्र आम्ही थेट बीटच्या पोलिसांना दिला, चारचौघात कुणाचं नाव घेतलं नाही. नाव घेतलं की त्यावरनंच नवीन भांडण.

मध्ये एकदा चार हुतात्मा पुतळ्यापाशी भेटलो तेव्हा कुणीतरी आठवण काढली की स्वातंत्र्यलढ्यात 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेल्या त्या चौघांतले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. म्हणजे लोकांपर्यंत बातमी पोचवायचं काम मोबाईलच्या आधीपासून आपल्या गावात आहेच.

सगळ्यात अवघड काम वेगळंच निघालं. सण संपले, अफवा थांबल्या की ग्रुप कोण बघतंय? म्यूट. आणि म्यूट केलेला ग्रुप ऐन वेळी काय उपयोगाचा. मग अक्कांनीच डोकं लावलं, पाणी कधी सुटणार ते त्यावर टाकायचं. सोलापुरात काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याची वेळ म्हटल्यावर कोण म्यूट ठेवेल! शेजारच्या पेठेतलेपण आता आम्हाला घ्या म्हणून मागं लागलेत, पण त्यांना म्हटलं तुमचा तुम्ही वेगळा काढा, तुमच्या चौकात उभा राहणारा माणूस तुमचाच पाहिजे, शिकवायला मी येतो, दुकान बंद करून रात्री नऊनंतर कधीपण.