लग्नपत्रिकेवरची कार्डं आणि दोन बल्ब

माझ्या २२ स्लाइडच्या पीपीटीतली सातवी स्लाइड चालू होती आणि लाईट गेली. प्रोजेक्टर बंद, पंखे बंद, आणि मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेले आमचे मार्गदर्शक सर घड्याळाकडे बघायलेले. पडदा म्हणून टांगलेली पांढरी चादर माझीच, होस्टेलवरून आणलेली. खरं सांगायचं तर लाईट होती तेव्हाही ती फार कामाची नव्हती. खोलीला दोन्ही बाजूंनी खिडक्या, पडदे नाहीत, वर ऑक्टोबरचं ऊन. पहिल्या बाकावरच्या पोरीनं तर सुरुवातीलाच विचारलं होतं, "मॅडम, चादरीवर काय लिवलंय?"

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेथड, म्हणजे शिकवायचे विषय, विज्ञान आणि गणित. कॉलेज अंबाजोगाईत, आणि आंतरवासितेला, म्हणजे इंटर्नशिपला, मिळालेली शाळा धारूरकडच्या डोंगरातल्या एका गावात, जिल्हा परिषदेची. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, आणि त्यात २० आठवडे शाळेत काढायचे असतात. त्यातले १६ दुसऱ्या वर्षाला. म्हणजे दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे मी या गावचीच. वर्ग आठवीचा, पट ३१.

त्या दिवशी उरलेला तास फळ्यावर काढला. खडू, डस्टर, एक आकृती. पाठ वाईट झाला नाही, पण संध्याकाळी गाडीची वाट बघत फाट्यावर बसले तेव्हा एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. समजा लाईट गेलीच नसती, २२ च्या २२ स्लाइड झाल्या असत्या, तरी या लेकरांना काय कळलं आणि काय नाही, हे मला कुठून कळलं असतं? मी दाखवत होते, ते बघत होते. "समजलं का?" म्हटलं की ३१ तोंडांतून एकच "होऽऽ". हे "होऽऽ" मीसुद्धा आयुष्यभर म्हणत आलेय. त्यात किती दम असतो ते मला चांगलं माहीत आहे.

आमच्या तंत्रज्ञानाच्या पेपरात टीपॅक नावाचं एक प्रकरण आहे. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या दोघांनी २००६ मध्ये मांडलेलं. तीन वर्तुळं एकमेकांत गुंतलेली: विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान, तंत्रज्ञानाचं ज्ञान. मधोमध तिन्हींचा जो भाग येतो तिथं शिक्षकानं उभं राहायचं. या तिन्हींच्या बाहेरून तुटक रेषेचं एक मोठं वर्तुळ असतं, त्यावर 'संदर्भ' लिहिलेलं. म्हणजे शाळा कुठली, लेकरं कुठली, परिस्थिती काय. पहिल्या वर्षी परीक्षेत मी तीन वर्तुळं छान कंपासनं काढली आणि तुटक रेषेचं काढायचंच विसरले. आता ते वर्तुळ रोज सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या भेटतं.

तोंडी परीक्षेला आम्ही सगळेजण रणजितसिंह डिसले गुरुजींचं उदाहरण देतो. सोलापूर जिल्ह्यातली परितेवाडीची शाळा, पुस्तकातले क्यूआर कोड, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार, दहा लाख डॉलर आणि त्यातले निम्मे बाकीच्या अंतिम स्पर्धकांना वाटून टाकले. पाठ आहे सगळं. बालभारतीच्या पुस्तकांवर आता क्यूआर कोड असतातच, सरकारच्या दीक्षा ॲपनं स्कॅन केले की व्हिडिओ उघडतो. फक्त घरी फोन बापाच्या खिशात असतो आणि बाप रानात असतो. संध्याकाळी तो येईपर्यंत लेकरू पेंगायला लागलेलं असतं.

तर मला असं काहीतरी हवं होतं जे लेकरांच्या हातात फोन न देता चालेल आणि लाईट गेली तरी अडणार नाही. कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं प्लिकर्स सांगितलं. कल्पना साधी आहे. प्रत्येक लेकराला कागदाचं एक कार्ड. त्यावर काळ्या चौकटींची नक्षी, प्रत्येक नंबरची वेगळी. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. प्रश्न विचारला की आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं. शिक्षकानं फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर येतं. नक्षी वेगवेगळी आणि अक्षरं बारीक, म्हणून शेजारच्याचं बघून फायदा नाही. अख्ख्या वर्गाला मिळून एक फोन, तोही माझा. नेट लागतं, पण वऱ्हांड्याच्या टोकाला एक कांडी येते, तेवढ्यावर भागलं.

कार्डांची पीडीएफ फुकट मिळते. मी हौसेनं छापली आणि वर लॅमिनेशन केलं. लेकरांच्या घामट हातांनी खराब होऊ नयेत म्हणून. तीनशे रुपये गेले. वर्गात पहिल्यांदा उचलली आणि फोनला निम्मी कार्डं दिसेचनात. खिडकीतलं ऊन प्लास्टिकवर चमकायचं, नक्षी गायब. लेकरं हात वर करून अवघडली, "मॅडम, झालं का, मॅडम, झालं का." घरी आले तर आई दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा रद्दीत टाकायला निघाली होती. जाड पुठ्ठ्यासारख्या पत्रिका, त्या मी अडवल्या. साध्या झेरॉक्सवर कार्डं परत काढली आणि पत्रिकांच्या मागच्या बाजूला खळीनं चिकटवली. त्यामुळं आता कार्ड उलटं केलं की गणपती आणि 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. लेकरं तास सुरू व्हायच्या आधी आपल्या कार्डावर कुणाचं लग्न आहे ते वाचत बसतात. वाचू देते.

(लेकरांची नावं इथं लिहीत नाही, कार्डाचे नंबरच लिहिते.)

विद्युतधारेचा पाठ. फळ्यावर सेल काढला, तारा काढल्या, एकामागं एक दोन सारखे बल्ब. विचारलं, कोणता जास्त उजेड देईल? ए म्हणजे धन टोकाजवळचा पहिला, बी म्हणजे दुसरा, सी म्हणजे दोन्ही सारखे, डी म्हणजे एकही लागणार नाही. कार्डं वर झाली. मी फोन फिरवला आणि स्क्रीनवर ए, ए, ए, ए. हजर २९, त्यातले २१ जण ए.

याआधी इतकी सरळ बातमी मला कुठल्याच वर्गातून मिळाली नव्हती. मग विचारलं, का? चार नंबर उठली. बोलायला जरा चटपटीत आहे. म्हणाली, "पहिल्याला आधी भेटती ना लाईट. उरली सुरली दुसऱ्याला."

मला हसू आलं नाही, कारण तिचं गणित कुठून आलंय ते मी ओळखलं. गावात नळाचं पाणी आठ दिवसांतून एकदा सुटतं. टाकीजवळच्या घरांना जोरात, शेवटच्या आळीला करंगळीएवढी धार. आमच्याही गावात तसंच, आणि आमचं घर शेवटून दुसरं. जिच्या घागरीनं आयुष्यभर उरलेलं पाणी पाहिलंय ती दुसऱ्या बल्बाला उरलेलीच लाईट देणार. पाण्याच्या बाबतीत ती बरोबरच होती. चूक एवढीच की बल्ब वीज पीत नाही. जेवढी धारा एका टोकानं आत जाते तेवढीच दुसऱ्या टोकानं बाहेर पडते.

माझ्या फोनमध्ये फेटची एक फाइल होती. फेट म्हणजे कोलोराडो विद्यापीठात २००२ मध्ये कार्ल वाइमन यांनी सुरू केलेला प्रकल्प. त्यांना आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेलं. त्यांचे प्रयोग स्क्रीनवर करता येतात, बरेच मराठीतही आहेत, आणि एकदा फाइल उतरवून घेतली की नेट नसलं तरी चालतात. पाच-पाच जणांच्या घोळक्याला फोन दाखवला. निळ्या गोळ्या तारेतून चाललेल्या, पहिल्या बल्बाच्या आधी जेवढा वेग तेवढाच दुसऱ्याच्या नंतर. दोन्ही बल्ब सारखे पिवळे. मला वाटलं, झालं काम. अकरा नंबर मान तिरकी करून म्हणाला, "ते कार्टून हाय, मॅडम. कार्टूनमधी काहीबी हुतंय."

मग खरे बल्ब आणायचं ठरलं. आता टॉर्चचा जुन्या पद्धतीचा बल्ब शोधायला जा बरं. दुकानदार म्हणाला, "ताई, आता एलईडीशिवाय काय मिळत नाही." तिसऱ्या दुकानात एका डब्याच्या तळाला धूळ खात पडलेले मिळाले. मी दोन घेतले, होल्डर घेतले, तीन सेल घेतले. दुसऱ्या दिवशी टेबलावर मांडलं, तारा जोडल्या, आणि पहिला बल्ब झगझगीत, दुसरा मिणमिणता.

वर्गात जो काय दंगा उठला! "बगा! बगा! म्हणलं नव्हतं?" चार नंबर तर बाकावर चढायची बाकी राहिली होती. मला घाम. पाठाच्या टाचणात हे कुठंच नव्हतं. फोनमधले बल्ब अगदी जुळे, आणि माझे बाजारातून आणलेले. काहीतरी बोलून वेळ मारून न्यायच्या बेतात होते, तेवढ्यात कधी तोंड न उघडणारी सत्तावीस नंबर शेवटच्या बाकावरून म्हणाली, "मॅडम, अदलाबदल करून बगू का?"

तिनंच केली. दोन्ही बल्ब काढले, जागा बदलून बसवले. आता धन टोकाजवळचा मिणमिणता आणि दुसरा झगझगीत. वर्ग गप्प. अकरा नंबर हळूच म्हणाला, "म्हंजी बल्बातच काहीतरी हाय."

बल्बाच्या पितळी टोपीवर बारीक अक्षरं असतात, डोळ्यांनी दिसत नाहीत. मी फोनचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं केलं. दोन्ही २.५ व्होल्टचे, पण एकावर ०.३ अँपिअर आणि दुसऱ्यावर ०.५. ज्यावर ०.३ त्याची तार जास्त अडवणारी. धारा दोघांतून सारखीच जाते, आणि जो जास्त अडवतो तोच जास्त तापतो, जास्त उजळतो. लेकरांना वाटत होतं ०.५ वाला भारी निघेल. तो फोटो मी अजून ठेवलाय. सगळ्या आंतरवासितेत माझ्या फोनचं सर्वात उपयोगी काम कुठलं विचाराल तर ते हे, आणि त्याला कुठलंच ॲप लागलं नाही.

शेवटी एक बल्ब काढून दाखवला, दुसराही विझला. वाट एकच, ती तुटली. इथं एकोणीस नंबरनं हात वर केला. त्याच्या बापाचं ट्रॅक्टर आहे. "मग ट्रॅक्टरची एक लाईट फुटली तरी दुसरी कशी काय लागती?" समांतर जोडणीचा पाठ पुढच्या आठवड्यात होता. मी म्हटलं, त्या पाठाची सुरुवात तुझ्याच प्रश्नानं करू. घंटा झाली.

सरांनी निरीक्षण वहीत लिहिलं, विद्यार्थी सहभाग उत्तम. 'तंत्रज्ञानाचा वापर' या रकान्यात १० पैकी ४. कारण विचारलं तर म्हणाले, पीपीटी नव्हती ना. मी कार्डं दाखवली, फोन दाखवला. ते म्हणाले, "हो, पण रकान्यात प्रोजेक्टर अपेक्षित असतो." ते वाईट माणूस नाहीत. त्यांना तो रकाना वरून आलाय.

जाता जाता सांगते, आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातला माणूस, लांबच्या लांब कापड घेतलं, त्यावर ओव्या लिहिल्या, आकृत्या काढल्या आणि पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांपासून जग कसं बनतं ते, समजावलं. मी चादर टांगली तेव्हा मला ती आठवली होती. फरक इतकाच की त्यांच्या कापडावरचं लाईट गेली तरी दिसायचं.

दिवाळीनंतर शाळा उघडली. हजेरी घेण्याआधी सवयीनं कार्डं वाटली, फोन फिरवला. ज्यांचं उत्तर आलं नाही ते नंबर ॲपमध्ये रिकामे राहतात. नऊ नंबर रिकामे. सुट्टीत ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला गेल्या होत्या. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की कोयत्याला निघावंच लागतं, आणि घरी सांभाळायला आजी नसेल, हंगामी वसतिगृहात जागा नसेल, तर लेकरू बरोबर जातं. वर्गशिक्षकांनी माझ्या फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि रिकाम्या नंबरांची नावं एका दमात सांगितली. कोण कुठल्या कारखान्याला, कोण कर्नाटकात, सगळं. कुणाची बहीण वसतिगृहात राहिली आणि कुणाची नाही तेही.

एकोणीस नंबर बापाच्या ट्रॅक्टरबरोबर गेला होता.

समांतर जोडणी मी शिकवली. ट्रॅक्टरच्या प्रश्नानंच सुरुवात केली. कुणाचा प्रश्न आहे ते सगळ्यांना आठवत होतं. एक बल्ब काढला, दुसरा लागत राहिला. हजर २२ मधल्या १९ जणांचं उत्तर बरोबर आलं. चार नंबरनं मुद्दाम चुकीचं दिलं, कार्ड उलटं धरून माझ्याकडं बघत हसत होती.

परवा आंतरवासिता संपली. बल्ब, होल्डर, तारा एका बिस्किटाच्या पुड्यात घातल्या आणि कार्डांच्या गठ्ठ्यासोबत वर्गशिक्षकांकडं दिल्या. त्यांनी ॲप त्यांच्या फोनमध्ये घेतलंय. रिकामे नऊ नंबर मी दुसऱ्या कुणाला दिले नाहीत. एकोणीसच्या कार्डामागं, वराच्या नावाखाली जी मोकळी जागा आहे, तिथं पेन्सिलनं लिहून ठेवलंय: 'दोन लाईटला दोन वाटा. आल्यावर सरांकडून बल्ब मागून घे आणि स्वतः जोडून बघ.'