मेस्क्विटची शाळामास्तरीण आणि माउंटन मेडोज

वेगसहून युटाला निघालं की वाटेत मेस्क्विट लागतं. लोक इथे गॅस भरतात आणि सुटतात. आम्हीही गॅससाठीच थांबलो, पण मला या गावात जरा वेळ उभं राहायचंच होतं.

१९१९ च्या सुमारास हुआनिता ब्रूक्स, पुढे इतिहासकार झालेल्या, इथे शाळेत शिकवायच्या, वय विशीचं. नीफाय जॉन्सन नावाचे एक म्हातारे आजोबा त्यांना म्हणाले की माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं मी कधी तोंडातून काढलं नाही, ते तू लिहून घे. ब्रूक्सबाईंनी जरा उशीर केला, आणि गेल्या तेव्हा आजोबा मरणाच्या दारात, भ्रमात नुसतं रक्त रक्त ओरडत होते. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जातच नाही.

आजोबांनी पाहिलेलं ते घडलं माउंटन मेडोजला. युटातल्या सेंट जॉर्जहून हायवे १८ ने वर गेलं की माउंटन मेडोजचं कुरण, एकदम शांत. ११ सप्टेंबर १८५७ ला इथे अर्कान्सासहून कॅलिफोर्नियाला निघालेली साधारण १२० माणसं मारली, पांढरं निशाण दाखवून, हत्यारं खाली ठेवायला लावून. १७ लहान मुलं तेवढी वाचली. मग पुढची कित्येक वर्षं दोष पायूट आदिवासींवर नाहीतर हल्ल्यात सामील असलेल्या एकट्या जॉन ली वर. शिक्षा झाली ती पण फक्त त्यालाच, १८७७ मध्ये, आणि गोळ्या घातल्या त्या याच कुरणात.

ब्रूक्सबाईंनी १९५० मध्ये पुस्तकात सरळ लिहिलं की हे स्थानिक मॉर्मन मिलिशियाचं काम होतं, म्हणजे युटात वसलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या गावकऱ्यांच्या हत्यारबंद तुकडीचं. त्या स्वतः श्रद्धाळू मॉर्मन, सेंट जॉर्जमध्येच राहणाऱ्या, आणि पुस्तकानंतरही चर्च सोडलं नाही. मला सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, बाहेर पडून बोलणं त्यामानाने सोपं असतं, पण ज्यांच्यासोबत दर रविवारी प्रार्थनेला बसायचं त्यांच्याच आजोबा-पणजोबांबद्दल लिहायचं म्हणजे काय! आज चर्चचे स्वतःचे इतिहासकार दफ्तरं उघडून लिहितात, २००८ ला या हत्याकांडावर त्यांचंच जाडजूड पुस्तक आलं, आदल्या वर्षी चर्चने जाहीर खेदही व्यक्त केला. पण ब्रूक्सबाईंना काही कागद बघूच दिले नव्हते.

टेकडीवर १९९० चं स्मारक आहे, ग्रॅनाइटवर मेलेल्यांची नावं. मी एकेक वाचत गेले. एकाच आडनावाची माणसं एकाखाली एक, पूर्ण घरंच्या घरं. खाली कुरणात वारा सुटला होता, आणि नवरा गाडीपाशी न बोलता उभा होता.