तुम्ही विचारलंत म्हणून : स्क्रोल सॉचं पातं सारखं का तुटतं?

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो: लाकडात नक्षी आणि जाळी कापायच्या या मशीनचं, स्क्रोल सॉचं, पातं सारखं का तुटतं? भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले काका फोनवर विचारतात. पारोळ्याकडच्या शाळेत कार्यानुभव शिकवणारे सर विचारतात. मखराची जाळी बघायला आलेला शिरपूरकडचा तरुण सुतार तर सरळ अहिराणीत विचारतो, “ताई, पातं काब्र तुटी जास?” मशीन नवं, लाकूड बरं, नक्षीही सोपी, तरी पाच-दहा मिनिटांत टणकन आवाज होतो आणि पात्याचे दोन तुकडे होतात. मग मशीनच खराब निघालं, असं वाटू लागतं.

मशीनला दोष देण्याआधी एक गोष्ट मान्य करा. पातं ही झिजणारी आणि तुटणारीच वस्तू आहे, पॉलिश पेपरइतकीच. सागाच्या जाड फळीत तेच पातं तासन्‌तास टिकावं ही अपेक्षा सोडून द्या. पण ते दर पाच मिनिटांनी तुटत असेल, तर कारण बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडतं: पात्याचा ताण, दोन्ही टोकांची पकड आणि तुमच्या हाताचा दाब. यांतलं तिसरं कारण सर्वांत जास्त वेळा असतं, आणि तेच कुणाला पटत नाही.

आधी मशीन कसं चालतं ते बघू. एकावर एक असे दोन हात असतात आणि त्यांच्या टोकांमध्ये पाच इंचांचं, म्हणजे १२७ मिमीचं पातं ताणून बसवलेलं असतं. मोटर दोन्ही हात एकदम खालीवर हलवते. वेग कमीजास्त करता येणाऱ्या छंदाच्या मशीनमध्ये हे मिनिटाला साधारण ४०० ते १६०० वेळा घडतं. पातं जागेवरच राहतं, फिरवायचं असतं ते लाकूड. जिगसॉ वेगळी. ती हातात धरून लाकडावर चालवतात, तिचं पातं जाड असतं आणि एकाच टोकाला धरलेलं असतं, म्हणून ती दाब सहन करते. स्क्रोल सॉचं ५ नंबरचं पातं जेमतेम १ मिमी रुंद असतं. जिगसॉची सवय असलेला हात इथे आला की पहिली दोन-तीन पाती जातातच.

पात्याची खालीवर चाल जेमतेम १८-२० मिमी असते. त्यामुळे ६ मिमी प्लाय कापताना पात्यावरचे पंचवीसेक मिलिमीटरमधले दातच सगळं काम करतात, बाकीचं पातं कोरंच राहतं. म्हणून पातं बोथट वाटायला लागलं की टेबलावर जाड प्लायचा एक सपाट तुकडा ठेवावा, त्याला पात्यापुरतं भोक पाडावं आणि काम त्यावर घ्यावं. लाकूड वर उचललं जातं आणि नवे दात कामाला लागतात. खान्देशात ही पाती प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत, बहुतेक वेळा मागवावी लागतात, तेव्हा ही युक्ती फार उपयोगी पडते.

आता ताण. पातं बसवून ताणलं की प्लग काढलेला आहे याची खात्री करून मी ते पाठीच्या बाजूने नखाने छेडते. तुणतुण्याच्या तारेसारखा चढा, स्वच्छ सूर यायला हवा. बद्द आवाज आला तर पातं ढिलं आहे. कान तयार होईपर्यंत बोटाने तपासा. पात्याच्या मध्यावर बाजूने हलकेच दाबा. ते दोन-तीन मिलिमीटरहून जास्त सरकता कामा नये. पातं तुटेल या भीतीने लोक ताण कमी ठेवतात आणि नेमकं त्यामुळेच ते तुटतं. ढिलं पातं लाकडाच्या आत वाकतं, प्रत्येक फेरीत मुरडतं, तापतं आणि धातू थकून तुटतो. शिवाय जाड लाकडात काप पोटातून फुगतो. वरून फूल नीट दिसतं, तुकडा उलटा केला की पाकळ्या वेड्यावाकड्या झालेल्या असतात. उलट, ताण फारच जास्त असेल तर पातं पकडीपाशी तुटतं.

म्हणून तुटलेलं पातं फेकण्याआधी ते कुठे तुटलंय ते बघा. मध्यावर तुटलं असेल तर मी आधी दाब आणि बोथटपणा यांच्याकडे बघते. टोकाजवळ तुटलं असेल तर पकड आणि ताण तपासते. वरची आणि खालची पकड एका रेषेत नसेल तर पातं बसतानाच पीळ घेऊन बसतं. समोरून डोळा लावून पाहिलं की हा पीळ दिसतो. तुटण्याऐवजी पातं निसटत असेल तर कारण आणखी साधं असतं. नवी पाती गंजू नयेत म्हणून त्यांना तेल लावलेलं असतं. बसवण्याआधी दोन्ही टोकं थिनर लावलेल्या फडक्याने पुसा. पकडीच्या स्क्रूचं आतलं तोंड घासून गुळगुळीत झालं असेल तर त्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा. आणि पकड पान्याने आवळू नका. पान्याने आवळली की आटे जातात.

हाताच्या दाबावर मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे. लाकूड पात्यावर ढकलायचं नसतं. पातं जेवढं कापेल तेवढंच ते पुढे जाऊ द्यायचं. ओळखायचं कसं? बाजूने बघा. पातं मागे झुकलेलं दिसलं की तुम्ही जास्त जोर लावताय. क्षणभर हात सैल सोडा, पातं पुन्हा सरळ होऊ द्या, मग पुढे जा. टोकदार कोपऱ्यात थांबायचं, पण मशीन चालू ठेवायचं. पुढचा दाब काढून घ्यायचा, पात्याची पाठ लाकडाला हलकी टेकू द्यायची आणि तुकडा जागच्या जागी फिरवायचा. पानांच्या, वेलींच्या नक्षीत हे सारखं करावं लागतं. एकदा ते हाताला कळलं की जाळीचा कोपरा इतका स्वच्छ येतो की कानस लावायची गरज उरत नाही. मला या मशीनमधलं सर्वांत आवडतं ते हेच.

आणखी एक अडचण नवशिक्यांना छळते. पेन्सिलीच्या सरळ रेषेवर लाकूड सरळ धरलं तरी काप एका बाजूला जातो. ही मशीनची खोट नाही. पत्र्यातून दाबाने कापून काढलेल्या पात्यांच्या एका कडेला बारीक खरखरीतपणा राहतो आणि त्या बाजूला पातं ओढ घेतं. लोक त्याच्याशी भांडतात, लाकूड आडवं दाबतात, पातं आडव्या दाबाने वाकतं आणि तुटतं. लाकूडच दोन-चार अंशांनी तिरकं धरायचं. नवं पातं घातलं की आधी टाकाऊ तुकड्यावर दोन सरळ काप घेऊन ते किती तिरकं मागतंय ते बघावं. टेबल पात्याशी काटकोनात आहे का तेही तेव्हाच तपासावं. जाड ठोकळ्यात अर्धवट खाच कापा, ठोकळा फिरवून तीच खाच पात्याच्या मागच्या बाजूने आत सरकवा. पातं खाचेत अलगद बसलं तर काटकोन बरोबर.

पात्याच्या नंबरांबद्दल थोडक्यात. पातळ प्लायला १ किंवा २ नंबर, १८-२० मिमी लाकडाला ५, त्याहून जाड आणि कडक असेल तर ७ किंवा ९. दात नेहमी खाली बघतील असे बसवा. खालच्या टोकाला काही दात उलटे असलेली पाती मिळतात. प्लायच्या कामाला मी तीच वापरते, कारण खालच्या बाजूचे चिरे निघत नाहीत. आणि मशीन घेताना खिळीची, म्हणजे टोकांना आडवी बारीक खिळी असलेली, आणि बिनखिळीची अशी दोन्ही पाती बसतील असंच घ्या. खिळीच्या पात्याला ओवायला तीन-चार मिलिमीटरचं भोक लागतं, बिनखिळीचं पातं एक मिलिमीटरच्या आसपासच्या भोकातूनही जातं. ज्याला जाळी कापायची आहे त्याला हा फरक मोटरच्या वॅटपेक्षा महत्त्वाचा आहे.

लाकूड कोणतं हा प्रश्न मात्र आपल्या भागाला धरूनच सोडवावा लागतो. आपल्याकडे जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं पाडली जातात तेव्हा सागाच्या, बाभळीच्या, कडुनिंबाच्या तुळया आणि चौकटी निघतात. साग सुंदर असतो, पण त्यात सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश असतो आणि तो दात लवकर मारतो. धाब्याच्या लाकडात त्यात भर म्हणून वर्षानुवर्षांची माती भेगांत बसलेली असते. तारेच्या ब्रशने घासा, चुंबक फिरवून मोडके खिळे शोधा, वरचा थर रंध्याने काढा आणि मगच मशीनवर घ्या. सागाला तेलकटपणाही असतो, म्हणून चिकटवण्याआधी जोड थिनरने पुसावा, नाहीतर फेविकॉल नीट धरत नाही. बाभूळ आणि अंजन यांच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये. गाडीच्या चाकाला आणि नांगराला बाभूळ लावत ती काही उगाच नाही. सुरुवातीला शिवणीचं लाकूड घ्या. मऊ, हलकी, कापाला एकसारखी. हेदू मिळाला तर सोन्याहून पिवळं, त्याचे रेषे बारीक आणि घट्ट असतात, नाजूक पाकळीही तुटत नाही. सातपुड्यातून कुणी साग आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. वखारीतून पावतीसह घ्या किंवा जुनं घ्या.

२०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि तेव्हापासून मखरासाठी प्लाय आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेला बोर्ड, यांची मागणी वाढली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई देवी बसते, तिच्या चौरंगामागे लावायला कमान मागतात. मग पोळ्याला बैल, मग गणपती. एकच जाळी अनेकदा लागते तेव्हा पातळ प्लायचे तीन-चार थर कडेने चिकटपट्टीने घट्ट बांधून एकदम कापावेत. वेळ वाचतो आणि सगळे तुकडे एकसारखे येतात. वर रुंद पॅकिंग टेप लावली की लाकूड कमी जळतं, हा अनुभव बहुतेक सगळ्यांचा आहे. नक्षीचा कागद थेट लाकडावर चिकटवू नका. आपल्या मे महिन्यात डिंक असा वाळून बसतो की कागद खरवडून काढावा लागतो. खाली मास्किंग टेप, तिच्यावर कागद. काम झालं की सगळं सालीसारखं निघतं. याच उन्हात प्लायचे तुकडे पत्र्याच्या शेडमध्ये उभे ठेवले तर वाकतात. आडवे ठेवून वर वजन ठेवा.

लेझरवाला हेच काम पटकन करून देतो, मग हे कशाला, असंही विचारतात. पातळ एमडीएफच्या शंभर पाट्या हव्या असतील तर लेझरकडेच जावं. पण इंचभर जाड शिवणीचा बैल, ज्याची कड काळी न पडता लाकडाच्याच रंगाची राहायला हवी, तो या मशीनवरच करावा असं माझं ठाम मत आहे.

देखभालीला वेळ फार लागत नाही, नेम लागतो. काम संपलं की पात्याचा ताण सोडावा. भुसा ब्रशने काढावा, विशेषतः खालच्या पकडीतला, कारण तो दिसत नाही आणि पकड हळूहळू सैल करतो. रेघेवरचा भुसा उडवणाऱ्या फुंकणीची रबरी नळी चिरली आहे का बघावं. ती चिरली की रेघ भुशाखाली झाकली जाते आणि माणूस अंदाजाने कापत सुटतो. मशीनच्या हातांच्या सांध्यांना तेल द्यायची सोय असेल तर पुस्तिकेत सांगितलं असेल तेवढेच थेंब द्यावेत. कार्बन ब्रशची मोटर असेल आणि वेग मध्येच पडत असेल तर आधी ब्रश काढून बघावेत. विजेचा दाब संध्याकाळी वरखाली होतो तिथे वेग बदलणारं सर्किट जपायला स्टॅबिलायझर लावावा. मशीन जड टेबलाला बोल्टने आवळून खाली रबर घालावं, म्हणजे थरथर निम्म्याने कमी झाल्यासारखी वाटते आणि रेघेवर राहणं सोपं जातं.

पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर रात्रीत तांबूस डाग पडतात. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा आणि वर साधं मेण चोळून कोरड्या फडक्याने पुसावं. लाकूडही त्यावर मजेत सरकतं. सिलिकॉनचा स्प्रे नको. तो लाकडाला लागतो आणि मग पॉलिश धरत नाही. पाती डब्यात ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

भुशाबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. एमडीएफचा भुसा सर्वांत बारीक आणि त्यात चिकटवणारं रसायन असतं. कडुनिंबाचा घशाला लागतो, सागाचा काहींच्या त्वचेला. एन-९५ मास्क लावा, चष्मा लावा, आणि ओढणी किंवा सैल बाही मशीनजवळ नको. मुलांना जरूर शिकवा. लाकूड वरून दाबून धरणारा मशीनचा फूट खाली घेतलेला, वेग कमी, हातात मोठा तुकडा, आणि शेजारी मोठं माणूस उभं. माझ्याकडे मुलं येतात तेव्हा कापायचं काम पूर्ण त्यांचं असतं. प्लग काढणं आणि पातं बदलणं अजून मी त्यांच्याकडे दिलेलं नाही.