खेटा

'खेटे घालणे' हा शब्दप्रयोग मी आजवर फक्त कचेरीसाठी वापरला होता. गेल्या वर्षी एका दाखल्यापायी मी एका कार्यालयात सात खेटे घातले. साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, साहेब आत्ताच चहाला. त्यामुळे माघात मित्राचा फोन आला, "डोंगरावर येतोस काय? पाच खेटे घालूया," तेव्हा आधी माझे पायच नको म्हणाले, तोंड नंतर.

कोल्हापुरात नुसतं 'डोंगर' म्हटलं तर तो जोतिबाचा. वाडी रत्नागिरी हे गावाचं नाव एसटीच्या पाटीवर आणि सातबाऱ्यावर. माघ पौर्णिमा झाली की पुढच्या रविवारपासून ओळीनं पाच रविवार कोल्हापुरातून चालत डोंगरावर जायचं, ते हे खेटे. जोतिबा इथलं काम आटोपून केदारनाथाला परत निघाला, तेव्हा त्याला थांबवायला अंबाबाई करवीरहून, म्हणजे कोल्हापुरातून, अनवाणी डोंगरापर्यंत गेली, अशी कथा सांगतात. म्हणजे पहिला खेटा देवीचाच. तिलासुद्धा स्वतः जावं लागलं, नुसता अर्ज पाठवून भागलं नाही, हे ऐकून मला सात खेट्यांचं वाईट वाटेनासं झालं.

मित्राची पिठाची गिरणी आहे. नवस-बिवस काही नाही. "पोट सुटलंय आणि हातातला मोबाईल सुटत नाही," एवढंच कारण त्यानं सांगितलं. मला ते पटलं. एकच खेटा घालीन, या बोलीवर मी हो म्हणालो.

पहाटे चार वाजता शिवाजी पुलावर भेटलो. माझ्या अंगावर स्वेटर, कानटोपी, पायांत नवे बूट. तो हाफ शर्टात आणि अनवाणी. पौर्णिमा होऊन चारच दिवस झालेले, त्यामुळे चंद्र डोक्यावर जागाच होता आणि पंचगंगेवर धुकं असं बसलेलं की नदी आहे हे फक्त गारठ्यावरून कळावं. बोललं की तोंडातून वाफ. पुढंमागं माणसंच माणसं, बाया, पोरं, मधूनच कुणीतरी "जोतिबाच्या नावानं" म्हणायचं आणि अंधारातून "चांगभलं" उमटायचं. म्हणणारा दिसत नसे.

अनवाणी माणसाबरोबर चालण्याची एक गंमत त्या दिवशी कळली. मला सगळा रस्ता सारखाच. त्याला मात्र बातम्या येत होत्या. "इथं नवीन डांबर टाकलंय." "ट्रॉली गेलीय बघ आत्ताच, चिपाडं लागतायत." "पाणी पाजलंय रानाला, गार येतंय." वडणगे सोडून निगव्याकडं जाताना दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर उभा. डोंगर समोर असणार, पण दिसत काहीच नव्हतं. उसाच्या गल्लीतून आम्ही नुसते चालत होतो. हंगाम चालू असल्यानं मधूनच ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत यायचा, टेपवर गाणं फुल्ल. मग सगळा खेटा कडेला खेटून उभा राहायचा.

पुढं रस्त्याकडेला एक गुऱ्हाळ होतं. काहिलीतून वाफा निघत होत्या, आणि तो वास... कोल्हापूरच्या माणसाला त्याचं वर्णन करून सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून उपयोग नाही. मित्र सरळ चुलवाणाजवळ गेला आणि बैठक मारून तळपाय जाळाकडं धरले. गुळव्यानं एकदा पायांकडं, एकदा माझ्या बुटांकडं बघितलं. मग वाटीत काकवी दिली, आधी त्याला.

कुशिरे मागं टाकलं आणि चढ लागला. जोतिबा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट उंच, असं सांगताना आम्ही कोल्हापूरकर एक गोष्ट गाळतो: कोल्हापूरच मुळात १,८०० फुटांवर आहे. उरलेलं काम गायमुखापासून वर. पण १४-१५ किलोमीटर तुडवून आलेल्या पायाला ही वजाबाकी कोण समजावणार? माझा स्वेटर आधी कमरेला आला, मग खांद्यावर, मग डोक्यावर. कोल्हापूरच्या थंडीचं हेच वाईट. पहाटे मारते आणि आठ वाजता तुम्हाला एक किलो लोकर सांभाळायला देऊन निघून जाते. अखेर मित्रानंच तो गळ्यात अडकवला. वाटेत एक आजी आम्हाला मागं टाकून गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "बसू नगासा, पाय धरतील." आम्ही बसलो. पाय धरले.

वर गुलाल. पायऱ्या, भिंती, माणसं, कुत्री, सगळं गुलाबी. आजचं मुख्य देऊळ १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधलं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं हे कुलदैवत. रांग भरपूर होती, पण कुरकुर नव्हती. दर्शन घेऊन कड्याशी आलो तर पलीकडं पन्हाळा उन्हात निवांत पसरलेला.

ट्रेकला जाणारे माझे काही सहकारी आहेत. ते म्हणतात, "राजगड केला, हरिश्चंद्रगड केला." केला म्हणजे झाला, यादीत खूण, आता पुढचा. मीही तसंच म्हणालो, "चला, डोंगर झाला." मित्र खोबरं चावत म्हणाला, "झाला कुठला? एक झाला." परत वडापनं आलो. आठ जणांच्या जीपमध्ये चौदा, माझा बूट कुणाच्या तरी पायाखाली. येताना चालायचं नसतं का, असं विचारलं तर म्हणाला, "देवी कशी परतली ते कुणी सांगतंय का? मग झालं."

दुसऱ्या रविवारी मी का गेलो, ते मला नीट सांगता येत नाही. चंद्र नव्हता, मोबाईलची बत्ती लावून चाललो. गुऱ्हाळापाशी गुळव्या म्हणाला, "आलासा? दुसरा न्हवं? बसा की." कचेरीतला तो कारकूनही चौथ्या खेपेला मला ओळखायला लागला होता, पण 'बसा की' कधी म्हणाला नाही. तिसऱ्याला मी बूट काढून पिशवीत ठेवले आणि निगव्यापर्यंत चाललो. पुढं घातले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवीन डांबर कुठं संपतं ते मात्र आता मलाही माहीत आहे.

परवा चौथा झाला. फाल्गुन लागलाय, स्वेटर घरीच राहिला, चुलवाणाजवळ बसवेना. वडणग्याच्या पुढं आलो, थोडं उजाडत होतं, आणि मित्र एकदम थांबला. समोर अख्खा डोंगर. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, वरच्या दिव्यांसकट.

"आयला, एवढा जवळ होता होय हा?"

"तेवढाच लांब आहे," मी म्हणालो. "ऊस तुटलाय."