फॉरस्वंक : राबून राबून आलेला थकवा

इंग्रजीच्या वापरातून कधीच गेलेला एक शब्द आहे, फॉरस्वंक. अर्थ, राबून राबून पार गळालेला. मूळ क्रियापद 'स्विंक', म्हणजे अंग मोडून काम करणे. त्याची रूपे ड्रिंक-ड्रँक-ड्रंकच्या चालीवर स्विंक-स्वँक-स्वंक. पुढचा 'फॉर' हा 'साठी' अर्थाचा नव्हे. तो क्रिया पार टोकाला नेतो. आजच्या 'फॉरलॉर्न'मध्ये तोच उरला आहे. स्पेलिंगमध्ये 'आर'नंतर 'ई' घालू नका. तसे केल्यास उपसर्ग 'फोरवॉर्न'मधला होतो आणि अर्थ 'आधी' असा बदलतो.

स्विंक म्हणजे हाताचे काम, हे मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसर वाचताना कळते. त्याचा मठवासी विचारतो, पुस्तकात डोके खुपसून वेडे का व्हायचे, किंवा हातांनी स्विंक तरी का करायचे? म्हणजे वाचन एकीकडे, स्विंक दुसरीकडे. म्हणून पणजीत दिवसभर बैठका करून आलेल्याला फॉरस्वंक म्हणणे मला पटत नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात भर एप्रिलात काजूचे बोंडू गोळा करून पायांनी तुडवणाऱ्याला म्हणा, हवे तितके. तापाने किंवा उपासाने गळालेल्यालाही तो चालत नाही. थकवा स्वतःच्या मेहनतीचाच हवा.

शब्दाचा सर्वांत प्रसिद्ध वापर इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरचा, १५७९ सालचा. एप्रिलच्या गोपगीतातला मेंढपाळ स्वतःला 'फॉरस्वंक अँड फॉरस्वॅट' म्हणवतो. स्पेन्सरच्या काळीही हे शब्द जुनाटच होते, त्याने ते मुद्दाम उचलले. सोबतच्या टिपेत दुसऱ्या शब्दाचा, म्हणजे 'फॉरस्वॅट'चा, अर्थ 'उन्हाने रापलेला' असा दिलाय, पण तो सैल आहे. मूळ 'स्वेट' धरले तर अर्थ घामाने निथळलेला असाच निघतो. आपल्याकडच्या दमट उकाड्यात खरे तर हाच जास्त कामाचा!

वाक्यात वापरताना तो 'आय ॲम'च्या पाठीमागे ठेवावा: 'आय ॲम फॉरस्वंक'. नामाच्या आधी लावला तर वाचणारा अडखळतो. 'नेस' जोडून त्याचे नाम बनवण्याच्या फंदात तर पडूच नये. प्रवासाने दमलेल्यासाठी भावंड शब्द आहे, 'फॉरस्पेंट'. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' नाटकाच्या दुसऱ्या भागात भरधाव घोडा फेकत आलेल्या माणसाला तो लावलाय. मडगावहून रात्रीच्या बसने मुंबई गाठलेल्यालाही तोच शोभेल.