पुढचं डावं चाक: चॉकलेटी पट्टा अखेर जांभळा झाला

जांभळा आला एकदाचा! मागच्या नोंदीत ज्यावर घोडं अडलं होतं, तो माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाच्या बॅरलमधला (रिमच्या आतल्या नळकांड्यासारख्या भागातला) चॉकलेटी पट्टा शेवटी हलला. पूर्ण गेलेला नाही, पण का जात नव्हता ते कळलं.

दर्शनी भागाचं पटकन सांगतो. स्पोक, लग नटांच्या खाचा, सेंटर कॅप हे सगळं शाम्पूचं पाणी, मऊ ब्रश आणि फॉलआउट रिमूव्हर (ब्रेकच्या धुळीतलं लोखंड विरघळवणारं औषध, लोखंड भेटलं की जांभळं होतं) यांच्या एका हातात निघालं. बाकी तिन्ही बॅरलही तसेच सुटले. या एकाच बॅरलमध्ये, आतल्या कडेपासून चारेक बोटांवर, गोल फिरलेला चॉकलेटी थर होता. त्याच्या आजूबाजूला फॉलआउट रिमूव्हर मारला की जांभळे ओघळ, आणि पट्ट्यावर काही म्हणजे काही नाही.

आता रंग येत नाही म्हणजे एक तर तिथे लोखंड नाही, किंवा आहे पण औषध पोचत नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने थोडी पूड खरवडून कागदावर घेतली आणि कागदाखालून चुंबक फिरवला. पूड उभी राहून चुंबकामागे चालायला लागली. म्हणजे लोखंड भरपूर. दुसरी गोष्ट नंतर लक्षात आली: साधं पाणी मारलं की पट्ट्यावर थेंब गोल होऊन घसरत होते, बाजूला मात्र पाणी पसरत होतं. तिथे वॅक्स मी कधी लावलंच नव्हतं. मग पाण्याला झटकतंय काय? काहीतरी तेलकट. फॉलआउट रिमूव्हरमधलं लोखंड धरणारं रसायन, थायोग्लायकोलेट, पाण्यात विरघळलेलं असतं. वर तेलाचा पापुद्रा असेल तर ते खालच्या लोखंडाला शिवतही नाही.

मग मास्किंग टेपने पट्ट्यावर तीन चौकटी आखल्या. पहिलीत काहीच नाही, दुसरीत एपीसी (ऑल पर्पज क्लीनर, सर्वसाधारण सफाईचं औषध), तिसरीत टार रिमूव्हर (डांबर-तेल विरघळवणारं). चाक गार, सावलीत, आणि काहीही वाळू द्यायचं नाही. नंतर सगळं धुऊन, कोरडं करून तिन्हींवर फॉलआउट रिमूव्हर. पहिली चौकट ढिम्म. दुसरीच्या कडेला फिकट जांभळी झाक. तिसरीत मात्र टार रिमूव्हर लावलेलं फडकं आधीच काळं-तपकिरी, ग्रीससारखं चिकट होऊन निघालं होतं, आणि फॉलआउट रिमूव्हर पडताच मिनिटभरात चौकटभर गर्द जांभळा उतरला. टेप काढल्यावर खाली चंदेरी चौकोन, धार कापल्यासारखी. तो बघत मी बराच वेळ नुसता बसलो होतो, वास असह्य होता तरी. (केस काढायच्या क्रीमलाही असाच वास येतो, रसायनाचं घराणंच एक.)

म्हणजे क्रम असा: आधी टार रिमूव्हर, मग एपीसीने त्याचा तेलकटपणा काढायचा, मग लोखंड. उरलेले ठिपके क्ले बारने (चिकटलेले कण घासून उचलणारी मऊ वडी). आम्ही बहुतेक जण लोखंड आधी करतो, कारण जांभळा रंग बघायला मजा येते. या पट्ट्यापुरता तरी तो क्रम उलटा.

ब्रशांबद्दल एक मत. लोकरीसारखे लांब दांड्याचे ब्रश स्पोकच्या मागे उत्तम जातात, पण चिकट थरावर ते नुसता चिखल इकडून तिकडे नेतात. बॅरलला डुकराच्या केसांचा आखूड ब्रशच बरा. आणि या जोरदार केमिकलांना दिलेले स्प्रेचे ट्रिगर हातावर का गळतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

ऑनलाइन मागवलेल्या एका व्हील क्लीनरचा किस्साही नोंदवून ठेवतो. बाटलीवर ‘अ‍ॅसिड-फ्री’, घटकांची यादी नाही. पीएच पट्टी बुडवली तर लालभडक, म्हणजे अ‍ॅसिडच. विक्रेत्याकडून उत्तर नाही. अशा काही क्लीनरमध्ये अमोनियम बायफ्लोराइड असतं आणि त्यातून पाण्यात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं. कातडीवर पडलं तर अनेकदा सुरुवातीला जळजळही होत नाही, आणि ते आत हाडापर्यंत जातं. ती बाटली न वापरता बाजूला काढली आहे. डायमंड कट (मशीनने तासून चकाकवलेल्या) चाकांवर तर असलं काही मारूच नका. क्लिअर कोटला (वरच्या पारदर्शक लेपाला) कुठे चीर असली की आतलं उघडं अ‍ॅल्युमिनियम धरतं.

इथवर लिहिलं आणि डोक्यात आलं: तेल आलं कुठून? रस्त्याचं डांबर असतं तर चारही चाकांवर असतं. आणि ते ठिपक्यांनी येतं, असा गोल पट्टा धरत नाही. लिहिणं थांबवून चाक काढलेल्या जागी टॉर्च घेऊन बघून आलो.

सीव्ही बूट! (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या, सांध्यावरचं ग्रीस भरलेलं रबरी आवरण.) बाहेरच्या बुटाच्या घडीत नखाएवढी चीर, तिच्याभोवती ओलं काळं ग्रीस, आणि समोर चाकाची नेमकी तीच जागा. फिरताना ग्रीस उडत होतं, त्यावर ब्रेकची धूळ बसत होती, डिस्कच्या उष्णतेने ते भाजून पक्कं होत होतं. वळताना कटकट आवाज अजून नाही, तेव्हा जॉइंट बहुधा वाचला आहे. पण चिरेतून पाणी आणि माती आत गेली की तोही गेलाच. डिस्क आणि पॅडवर शिंतोडे नाहीत, पांढऱ्या फडक्याने पुसून खात्री केली.

त्यामुळे पुढचा बेत बदलला. या सुट्टीत चाकांना सिरॅमिक कोटिंग (घाण सहज चिकटू न देणारा लेप) करणार होतो, ते आता बूट बदलल्यानंतरच. गळत्या ग्रीससमोर कोटिंग लावण्यात अर्थ नाही. पट्ट्याचा उरलेला भाग मात्र आजच टार रिमूव्हरने उतरवतो, कारण बूट बदलल्यावर नवा डाग आला तर तो स्वच्छ बॅरलवर लगेच दिसेल. चाक बसवताना टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायचा पाना), आणि शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे.

कुणी अ‍ॅक्सल न काढता मधून उघडणारा (स्प्लिट) बूट बसवला आहे का? टिकला का? नाहीतर सरळ पूर्ण जॉइंट उघडून, नवं ग्रीस भरून बसवायचा विचार आहे.