त्या संध्याकाळी तू कुठे होतास?

रहस्यकथेत प्रेम कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोळा-सतरा वर्षांची मुलं एखाद्या प्रकरणाचा छडा लावतात आणि तो लावता लावता प्रेमात पडतात, अशा गोष्टी मी लिहिते. हे कळलं की प्रश्न ठरलेला असतो : “तपास रंगात आलेला असताना मध्येच प्रेम कशाला?” त्याच वयाचं कुणी हे विचारतं तेव्हा मी जास्त कान देऊन ऐकते. एक मुलगी म्हणाली होती, “ती दोघं एकमेकांकडे बघायला लागली की मी पानं उलटते आणि तपास पुन्हा सुरू होतो तिथून वाचते.” तिचं काहीच चुकलं नव्हतं. तेवढी पानं गाळूनही तिचं कुठे अडलं नाही, हा दोष लिहिणारीचा.

तक्रार तशी जुनीच आहे. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकी लेखकाने १९२८ मध्ये रहस्यकथेचे वीस नियम लिहून काढले. त्यातला तिसराच नियम असा, की प्रेमप्रकरण नको. काम आहे गुन्हेगाराला न्यायासनापुढे उभं करण्याचं, जोडप्याला बोहल्यावर चढवण्याचं नव्हे, असा त्याचा रोख. इंग्रज रहस्यकथा लेखिका डोरोथी सेयर्सनेही त्याच वर्षी रहस्यकथेतल्या प्रेमाबद्दल नाराजी व्यक्त केली होती. आणि १९३० मध्ये तिनेच आपल्या गुप्तहेराला खुनाचा आरोप असलेल्या स्त्रीच्या प्रेमात पाडलं, तेही त्या स्त्रीवर खटला चालू असताना! मला ही गोष्ट फार आवडते. प्रेम तपासाच्या शेजारी नुसतं बसवलं तर ते अडगळ होतं. तपासाच्या मुळाशी ठेवलं तर त्याला हात लावल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

विल्की कॉलिन्स या इंग्रज लेखकाची ‘द मूनस्टोन’ ही १८६८ ची कादंबरी घ्या. (वाचायची राहिली असेल तर हा परिच्छेद सोडा.) नायिकेला अठराव्या वाढदिवसाला मिळालेला हिरा त्याच रात्री नाहीसा होतो. घरभर झडती, नोकरांवर संशय, मोठा पोलीस अधिकारी येतो, पण जिचा हिरा तीच तोंड उघडत नाही. कारण हिरा उचलताना तिने पाहिलेलं असतं ते आपल्या आवडत्या माणसाला, स्वतःच्या डोळ्यांनी. ती पोलिसांना सांगत नाही आणि त्यालाही विचारत नाही. मनातल्या मनात त्याला चोर ठरवून तोडून टाकते. आणि आपल्या हातून काय झालंय याचा त्याला पत्ताच नसतो. तिचं प्रेम काढून टाका, पहिल्याच सकाळी ती बोलून मोकळी होईल आणि कादंबरी तिथेच संपेल.

हौशी तपास करणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे. त्यांच्याकडे झडतीचं वॉरंट नसतं, प्रयोगशाळा नसते, कुणाला चौकशीला बोलावण्याचा अधिकार नसतो. कुणी विश्वासाने काही सांगितलं तर तेवढंच हाती लागतं. आणि आपण कुणावर किती विश्वास टाकावा हे त्यांचं त्यांनाच अजून कळायचं असतं. कुणाचा आवाज आज वेगळा का आला, उत्तर द्यायला तो एवढा का थांबला, हे प्रेमात पडलेली मुलगी जसं टिपते तसंच तपास करणारीही टिपते. फक्त प्रेमात पडलेलीला त्याचा अर्थ सोयीचा लावायचा असतो. ओढाताण आहे ती इथेच.

सध्या लिहिते आहे त्या कादंबरीत वर्गणीचे पैसे चोरल्याचा आळ मुलीच्या मोठ्या भावावर आलाय. तिला मदत करणारा मुलगा पहिल्याच दिवशी सहज बोलून गेलाय, “मी त्या संध्याकाळी घरीच होतो.” तेव्हा त्या वेळेला काही महत्त्व नव्हतं, चोरी रात्री झाली असंच सगळे धरून चालले होते. पुढे कळतं की पैसे संध्याकाळीच गेले. आणि तो घरी नव्हता. चिठ्ठी खिशात घेऊन तो तिच्या घरासमोर अर्धा तास उभा होता, आणि न देताच परत गेला. त्या अर्ध्या तासात तिचा भाऊ खिडकीत अभ्यास करत बसलेला त्याने पाहिला आहे. भावाला सोडवणारी साक्ष एकच आहे, आणि ती देताना चिठ्ठीचंही सांगावंच लागणार.

पहिल्या मसुद्यात मी घाई केली होती. ती त्याचा फोन चोरून उघडते आणि तो कुठे होता ते तिला कळतं, असं लिहिलं होतं. रहस्य सुटलं, पण मला ते प्रकरण पुन्हा वाचवेना. जिने चोरून पाहिलं तिला त्याचं खरं बोलणं कधीच मिळणार नव्हतं, आणि हे मी पुसट करून पुढे गेले होते. विश्वास मोडला तर त्याची भरपाई गोष्टीत दिसलीच पाहिजे, त्या वयाच्या वाचकांसाठी तर नक्कीच. ते प्रकरण काढून टाकलं.

आता ती त्याला सरळ विचारते, “त्या संध्याकाळी तू कुठे होतास?” तो जो काही वेळ गप्प राहतो, त्यावर मी तीन आठवडे अडून बसले आहे. त्या शांततेत तिला तो चोर वाटायला हवा, आणि दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला तीच शांतता प्रेमाची वाटायला हवी. शब्द एकही न बदलता. पानं उलटणाऱ्या त्या मुलीने हे पान उलटलं, तर चोर कोण हे तिला कळणार नाही, असं मी ते लिहिते आहे.